तुमची हरकत नसेल तर

माझ्या पाठीमागे पंधरा-वीस हातांवर बिबट्या उभा असताना, "तुमची हरकत नसेल तर एक माहिती देऊ का?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो मला दारू सोडायला सांगण्यासाठी आला होता असं म्हणावं, तर तेही खरं नाही. त्याने मला दारू सोड असं कधीच सांगितलं नाही. दोन वर्षांत एकदाही नाही. वाट बघून मीच कंटाळलो.

आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. जुन्नरला बी-बियाणांच्या एका दुकानाच्या वर दोन खोल्यांत व्यसनमुक्ती केंद्र चालायचं. एका खोलीत डॉक्टर बसत. ते तपासत, गोळ्या लिहून देत, झोप लागते का, हात थरथरतात का, ते विचारत. गोळ्या चांगल्या होत्या, पण त्या घ्यायला माणूस परत यायला हवा. पहिल्या वेळी बायकोने, भावाने किंवा अख्ख्या भावकीने धरून आणलेला माणूस दुसऱ्या आठवड्याला गायब होई. त्याला पुन्हा पुन्हा यावंसं वाटलं पाहिजे, एवढंच दुसऱ्या खोलीतल्या सरांचं काम होतं. ते काम ते अशा काही तऱ्हेने करत की केंद्राच्या अध्यक्षांना त्यांनाच एकदा कुठेतरी दाखवून आणावं असं वाटायचं.

सर उंच होते आणि उंचीची लाज वाटत असल्यासारखे वाकून चालत. काखेत लाल फाईल, खिशात बडीशेपेची डबी. आणि ते कधीही कुणाच्या पुढे चालत नसत. त्यांचे वडील मेंढरं राखायचे, लहानपणी तेही कळपामागून हिंडलेले. मेंढरांच्या मागून चालायचं असतं, हे पायांत जे बसलं ते नोकरी लागल्यावरही निघालं नाही. केंद्राचा जिना इतका अरुंद की एका वेळी एकच माणूस मावे. पहिल्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी सर मला म्हणाले, "आधी तुम्ही." मला वर जायचंच नव्हतं, म्हणून मी म्हणालो, "आधी तुमी." आम्ही दोघं खताच्या वासात तिथे पाऊण तास उभे होतो. शेवटी दुकानदाराने गिऱ्हाइकांची वाट अडते म्हणून मला वर हाकललं, आणि सर समाधानाने माझ्या मागून आले.

मी तिथे का गेलो, तेही सांगून टाकतो. माझं महाळुंगे पडवळला फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, दशक्रिया, बैलगाडा शर्यत, जे म्हणाल ते छापतो. एके दिवशी पिऊन बसलो असताना मी आमच्या उपसरपंचांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' छापलं, आणि स्वतः जाऊन चौकात लावूनही आलो. फोटोत ते गॉगल लावून हसत होते. सकाळी त्यांची मोठी बहीण शेजारच्या गावाहून रडत आली, तेव्हा उपसरपंच ओट्यावर दाढी करत बसले होते. त्या संध्याकाळी माझी बायको आवाज न चढवता म्हणाली, "दर गुरुवारी जुन्नरला जायाचं. येक जरी गुरुवार चुकला, तर मी पोरीला घिऊन ओतूरला जाईन. मंग आनायला येऊ नगा." ओतूर तिचं माहेर. ती बोलल्याप्रमाणे करते, हे मला पंधरा वर्षांच्या संसारात पुरतं ठाऊक होतं.

मी स्वभावाने तिरसट. कुणी पूर्व म्हटलं की मला पश्चिम आठवते. त्यामुळे सर काय उपदेश करतील आणि मी तो कसा उडवून लावीन, याची तयारी मी एसटीत बसूनच करून ठेवली होती. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणालो, "आधीच सांगतो, मी दारू सोडनार न्हाई."

"बरं," सर म्हणाले.

"बायकोनं धाडलं म्हनून आलोय."

"म्हणजे यायचं नव्हतं, तरी आलात."

"न येऊन कसं चालंल? ती ओतूरला जाईल की."

"तिने जाऊ नये असं तुम्हाला वाटतं."

"वाटनारच ना. यवढं कळत न्हाई का तुमाला?"

"कळत होतं. पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं," असं म्हणून त्यांनी मला बडीशेप दिली. मग विचारलं, "दारू सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? दहापैकी किती?"

मी मुद्दाम म्हणालो, "दोन." आता ते दहा का नाही म्हणून माझ्यावर तुटून पडतील, याची मी वाटच बघत होतो. सरांनी फाईलमध्ये दोन लिहिलं आणि विचारलं, "दोन का? शून्य का नाही?"

या प्रश्नाची मी काहीच तयारी केली नव्हती. मग मी सांगायला लागलो, की शून्य कसं म्हणता, पोरगी मला भेटायला दुकानात यायची थांबली आहे, बारीक अक्षर छापताना डोळे भिरभिरतात, आणि उपसरपंचांच्या बहिणीचं ते रडणं कानातून जात नाही. दहा मिनिटं बोललो. मग माझ्या ध्यानात आलं की मी दारूच्या विरोधात भाषण करतोय आणि हा माणूस बडीशेप चघळत माना डोलावतोय. मी रागाने उठलो, जिना उतरलो, आणि कधी नव्हे ते पोरीसाठी पेरू घेऊन गाडीत बसलो. पुढच्या गुरुवारी भांडणाचा शेवट करायचा म्हणून परत गेलो. तो शेवट काही झाला नाही, आणि असे चार महिने गेले.

दहापैकी किती, हे खूळ सरांना केंद्राबाहेरही सोडत नसे. एसटी स्टँडजवळ वडापाव खाताना गाडीवाल्याने "तिखट देऊ का?" म्हटलं की हे विचारत, "मिरची दहापैकी किती तिखट आहे?" तो बिचारा म्हणे, "सात." "सात का? सहा का नाही?" मागे लोक खोळंबलेले. पुढे पुढे त्यांना लांबून येताना पाहूनच तो गाडीवाला वडापाव कागदात बांधून तयार ठेवू लागला.

केंद्राचा फ्लेक्स करायचं काम त्यांनी मला दिलं, तेव्हा मी जीव ओतून केला. कवटी, फुटलेली बाटली, पदर डोळ्यांना लावलेली बाई, आणि वर लाल अक्षरांत 'दारू सोडा, संसार जोडा'. सर म्हणाले, "छान आहे. तुमची हरकत नसेल तर एक सुचवू का?" हे वाक्य त्यांच्या तोंडी सतत असे. परवानगी घेतल्याशिवाय ते कुणाला 'शर्टाचं बटण तुटलंय' एवढंही सांगत नसत. मी हो म्हणालो. त्यांनी कवटी काढली, बाटली काढली, बाई काढली. उरलेल्या पांढऱ्या फ्लेक्सवर लिहायला सांगितलं: 'दारू सोडायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. गुरुवारी या. चहा आहे.'

तो स्टँडवर लागला त्याच दिवशी अध्यक्षांचा फोन आला. "ही दारूबंदीची जाहिरात आहे का दारूची?" सर शांतपणे म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?" अध्यक्षांनी फोन ठेवून दिला. पण गुरुवारी जिन्यावर रांग लागली. काही जण नुसत्या चहासाठी आले होते. खोडदचे एक नाना मात्र भांडायला आले होते. "तुमचं तुमी ठरवा म्हंजे काय, राव? मंग तुमी कशाला बसलाय इथं?" सर म्हणाले, "तेच मी रोज स्वतःला विचारतो. बसा." नाना बसले ते दर गुरुवारी बसू लागले. खोडदला त्या मोठ्या दुर्बिणीच्या अँटेना आहेत, तिकडे नानांनी वॉचमनची नोकरी केली होती. ते म्हणायचे, "आमच्या त्या ताटल्यांवानी हाय ह्यो मानूस. वर तोंड करून नुसता ऐकतो. आपलं काय बोलत न्हाई, पन बंद बी व्हत न्हाई."

मग माझा गुरुवार चुकला.

बैलगाडा शर्यतीच्या फ्लेक्सची मोठी ऑर्डर होती. बुधवारी संध्याकाळी गिऱ्हाईक काम बघायला आलं ते बाटली घेऊनच, आणि चार महिने न पिता राहिल्याचा माझा ताठा तासाभरात उतरला. गुरुवारी गाडीच्या वेळेला मी घरात आडवा होतो. बायकोने कपाटावरची बॅग काढली, झटकली आणि कपडे भरले. पोरीची चाचणी परीक्षा शनिवारी संपत होती. "रईवारी जाते," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेली क्वार्टर खिशात घालून मी आमच्या कांद्याच्या शेतात, उसाच्या कडेला बांधावर जाऊन बसलो. जे व्हायचं ते झालंच आहे, आता प्यायला काय हरकत आहे, असा माझा हिशोब होता. झाकण मात्र अजून उघडलं नव्हतं.

चारच्या सुमारास सर बांधावरून येताना दिसले. जुन्नरहून दोन गाड्या बदलून, घरी विचारून आले होते. क्वार्टरकडे त्यांनी पाहिलं, पण तिच्याबद्दल काही बोलले नाहीत. कांद्याची रोपं कशी आहेत ते विचारलं. ते काहीतरी बोलत होते आणि एकाएकी थांबले. तोंडातली बडीशेपही चघळायची थांबली. मग अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तुमची हरकत नसेल तर एक माहिती देऊ का?"

माझं डोकंच फिरलं. "नगं. मला कसली माहिती नगं. समदी माहिती हाय मला."

"ठीक आहे," सर म्हणाले. "नको म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. विचार बदलला तर सांगा." थोडं थांबून म्हणाले, "जरा लवकर बदलला तर बरं." दोन वर्षांत त्यांनी मला केलेली ही एकमेव घाई.

"कशाची माहिती?" मी खेकसलो.

"बिबट्याची. तुम्हाला त्याबद्दल आधीच काय काय माहीत आहे?"

आमच्या तालुक्यातल्या माणसाला हे विचारायचं म्हणजे काय. मी धडाधड सांगायला लागलो. उसातच ऱ्हातो, तिथंच पिल्लं घालतो. बसलेला मानूस त्याला बारकं जनावर वाटतं, म्हनून उभं ऱ्हावं. पळू नये. पाठ फिरवू नये. मोठ्यानं बोलत ऱ्हावं.

"अगदी बरोबर," सर म्हणाले. "मग या माहितीचा आत्ता, या क्षणी, तुम्ही कसा उपयोग कराल?"

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. मी हळूच उभा राहिलो आणि वळून बघितलं. उसाच्या तोंडाशी तो उभा होता, चांगला मोठा, शेपटीचं टोक हलवत. सरांनी बांधावरून वाट करून दिली आणि म्हणाले, "आधी तुम्ही."

मी पुढे निघालो. सर उसाकडे तोंड करून उलट्या पावलांनी माझ्या मागून येत होते आणि मोठमोठ्याने बोलत होते. काय बोलावं हे सुचत नसावं, कारण ते बिबट्यालाच विचारत होते, की तुम्हाला आज भूक किती आहे, दहापैकी किती. आम्ही रस्त्याला लागेपर्यंत तो उसात निघून गेला होता. क्वार्टर बांधावरच राहिली.

घरी आल्यावर बायकोने चहा टाकला. मी तिला सगळं रंगवून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे पुढं तुमी, मागं सर, आन त्यांच्या मागं वाघ?"

मी म्हणालो, "हां."

"आन तुमाला ते आत्ता कळतंय?"

मला खरंच तेव्हाच कळलं. मी सरांकडे पाहिलं. ते बशीत चहा ओतत होते आणि बशी भरून सांडली तरी ओततच होते. या माणसाला मी चार महिने दर गुरुवारी शिव्या घालत होतो. मला फार लाज वाटली.

निघताना सरांनी कोपऱ्यातली भरलेली बॅग पाहिली. बायकोला म्हणाले, "वहिनी, तुमची हरकत नसेल तर रविवारी ओतूरला जाताना लेण्याद्रीला थोडं थांबाल का? आमचे सगळे तिथे जमणार आहेत." गिरिजात्मजावर तिची श्रद्धा. ती म्हणाली, "थांबंन. पन जायाचं ते जानारच."

रविवारी पायथ्याशी आम्ही दहा-बारा जण जमलो. सरांनी समजावून सांगितलं. इथे खाली जमिनीवर म्हणजे अजिबात भरवसा नाही. वर देवळात म्हणजे पूर्ण भरवसा. दारूशिवाय आपण राहू शकू असा ज्याला जितका भरवसा वाटतो, त्याने तितक्या पायरीवर जाऊन उभं राहायचं. सांगायला सोपं होतं. आमचं एकच चुकलं. बैलगाड्याच्या मुलखातली माणसं आम्ही. पुढे वाट आणि वर शेवट दिसला की आम्हाला ती शर्यतच वाटते. कुणीतरी "व्हय" म्हटलं आणि सगळे सुटले. यात्रेकरू बाजूला झाले, माकडं कठड्यावरून खाली उतरली. ज्यांना सकाळी औषध घ्यायला उठवत नव्हतं, तेही दोन-दोन पायऱ्या टाकत होते.

नानांनी गुडघ्यांचं कारण सांगून डोली केली. चौघांच्या खांद्यावर बसून ते आम्हाला मागे टाकत ओरडले, "सर, मी धा. थेट देवळात."

सर डोलीमागून चालत होते. म्हणाले, "छान. डोलीवाल्यांनी तुम्हाला इथेच खाली ठेवलं, तर तुम्ही कितीवर?"

"ते कशाला ठिवत्याल, राव?"

"समजा, दमले."

डोलीवाल्यांपैकी एक जण खरोखरच दमला होता. तो म्हणाला, "सायेब, लवकर बोला, खांदा दुखतोय." सरांनी त्याला विचारलं, दहापैकी किती. त्याने उत्तर न देता डोली टेकवली. नाना उतरले, वर बघितलं, खाली बघितलं, आणि निमूटपणे काठी टेकत खाली उतरून सातव्या पायरीवर उभे राहिले. "ही माझी. चालत आलोय हितवर," म्हणाले.

मी मात्र थांबलो नाही. खाली बायको बॅग आणि पोरीला घेऊन उभी होती, तिला मला दाखवायचं होतं. देवळाला वीसेक पायऱ्या राहिल्या, तिथे दम संपला म्हणून उभा राहिलो. सर मागून धापा टाकत आले. "इथे का? खाली का नाही?" मी मोठं भाषण केलं. आता शिवणार नाही, आईची शप्पथ, पोरीची शप्पथ, या गणपतीची शप्पथ. तीनच दिवसांपूर्वी मी घरात आडवा पडलो होतो, त्याची सरांनी आठवण करून दिली नाही. ऐकून घेतलं, लिहून घेतलं, आणि म्हणाले, "तुमची हरकत नसेल तर वहिनींनाही विचारू का? त्यांना तुमचा किती भरवसा वाटतो ते."

मी म्हणालो, "इचारा की." माझ्या डोळ्यांसमोर ती चढत चढत माझ्याजवळ येतेय, असं चित्रच उभं राहिलं होतं.

सर सगळ्या पायऱ्या उतरून खाली गेले. त्यांनी तिला काहीतरी सांगितलेलं वरून दिसलं. तिने पोरीचा हात धरला आणि चढायला लागली. एक. दोन. तीन. तिथे ती थांबली. मला वाटलं, पदर सावरत असेल. पण ती हललीच नाही. मी वरून हाका मारल्या, हात केले. माकडाने माझी टोपी नेली तरी मी तिच्याकडेच बघत होतो. तिने बॅग तिसऱ्या पायरीवर टेकवली, तेव्हा मला समजलं.

मी उतरायला लागलो. इतक्या पायऱ्या मी चढलो होतो, हे मला उतरताना कळलं. खाली पोचलो तेव्हा सर तिला विचारत होते, "तीन. जमिनीवर का नाही, वहिनी?"

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "जिमिनीवरच ऱ्हानार व्हते. पन गुरुवारी हे पिऊन पडले व्हते ना, तवा सारखं बरळत व्हते. 'आज गुरुवार हाय, माझी गाडी गेली, सर वाट बघत आसत्याल.' पिल्यावर ह्यांना आजवर कशाची आठवन ऱ्हायली न्हाई. पोरगी झाली त्या दिशी बी न्हाई. गुरुवार ऱ्हायला. म्हनून तीन."

सरांनी या वेळी फाईल उघडली नाही. मी तिसऱ्या पायरीवर जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो आणि रडलो, हे लपवण्यात काही अर्थ नाही. पोरीने तिच्या हातातला पेरू माझ्यापुढे धरला. बायकोने बॅगेकडे पाहिलं, मग मला म्हणाली, "येत्या गुरुवारपतूर बघते." दर्शन न घेताच आम्ही घरी परतलो. देवळात कधी जायचं, हे तिने तेव्हाच मनाशी ठरवलं असावं.

सर पुढे दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात गेले. त्यांच्या निरोपाचा फ्लेक्स मी केला. 'भावपूर्ण' एवढंच छापून झाल्यावर मी थांबलो आणि पुढचा शब्द चार वेळा तपासून मगच 'निरोप' छापला. गाडीत चढताना मी म्हणालो, "आधी तुमी, सर." ते बराच वेळ घुटमळले. मागे कुणी नाही याची खात्री करून घेऊन चढले.

आम्ही अजून अधूनमधून लेण्याद्रीला जातो. बायको पुढे चढते, मी तिच्या मागून. ती जिथे थांबते तिथे थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. मधे एका वर्षी ती आधीपेक्षा तीस पायऱ्या खालीच थांबली होती, आणि ते बरोबर होतं. गेल्या महिन्यात ती एकशे बाराव्या पायरीवर थांबली. तिथे सावली नाही, आणि माकडांचा त्रास फार. मी म्हणालो, "तुझी हरकत नसंल तर अजून येक चढू का?"

तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "न्हाई."

मग आम्ही तिथेच उन्हात बसून पेरू खाल्ले.